रस्त्यापलीकडचं दुकान

विजय गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंदीच्या घरी अंघोळ करत होतो. बायकोने दारावर थाप मारली. "शोभावहिनी आहेत फोनवर," एवढंच म्हणाली, आणि तिच्या आवाजावरूनच मी काय ते समजलो. ओल्या हाताने फोन कानाला लावला. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, येजा... घाई नका करू आता, पन येजा." गेलं वर्षभर त्यांचा फोन आला की मी हातातलं काम टाकून स्टेशनकडे पळायचो. त्या दिवशी मात्र कपडे घालायला, चपला शोधायला, घराबाहेर पडायला मला इतका वेळ लागला की बायको दारात उभी राहून नुसती बघत राहिली. गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता... आता पोचून मी करणार काय?

विजय माझा शाळेपासूनचा मित्र. सिंदीत आमची घरं दोन वेगळ्या टोकांना होती. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, माझ्या घरी शेती. पुढे मी शाळेत मास्तर झालो आणि तो वीज खात्यात लाइनमन म्हणून लागला. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट असं फिरत फिरत शेवटी वर्ध्याला आला, बोरगाव मेघेत रस्त्याला लागून घर बांधलं आणि तिथेच निवृत्त झाला. उंच, काटक माणूस. खांबावर चढताना बघावं तर वाटायचं, याला शिडीची गरजच नाही. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. शौक एकच होता, आइस्क्रीमचा. तोही थोडाथोडका नव्हे.

त्याची सुरुवात झाली तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे पोरांचा सण. लाकडी बैल सजवून पोरं निघतात आणि गावात जत्रा भरते. त्या जत्रेत एका वर्षी कुणीतरी हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा सांचा घेऊन आलं होतं. बर्फ, खडे मीठ आणि मधे तो गरगर फिरणारा डबा. आम्ही तोवर बर्फाचे गोळे तेवढे खाल्लेले. विजयच्या वडिलांनी आम्हा दोघांना एकेक पानाचा द्रोण घेऊन दिला. त्याने गोळ्यासारखा कचकन दात मारला, दात ठणकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो चक्क रडायला लागला. त्याचे वडील म्हणाले, "नाई आवडत त दे इकडं." त्याने द्रोण पाठीमागे लपवला आणि रडता रडताच दुसरा घास घेतला. त्या वेळचं त्याचं तोंड माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे... गालावरून पाणी ओघळतंय आणि जीभ ओठांवरून फिरतेय.

पुढे जिल्ह्यात कुठेही आइस्क्रीमचं नवीन दुकान उघडलं की त्याची खबर याला लागायचीच. मग माझ्याकडे निरोप. "काऊन बे, सिंदीतच बसून राह्यतं काय? पुलगावले नवं दुकान उघडलं म्हनते. खाऊन त पाहू." मी गेलो नाही असं क्वचितच झालं. नव्या दुकानात तो सगळ्यात साधं आइस्क्रीम मागायचा. रंग, जेली, सुका मेवा वगैरे नाही. "आंगावरचे दागिने काढले की मंग मानूस कसा ते दिसते," म्हणायचा. कप समोर आला की लगेच हात लावायचा नाही, कडा जरा नरम होऊ द्यायचा. पहिला घास जिभेवर ठेवून तो गप्प बसायचा आणि मग बोलायला लागायचा. ते बोलणं ऐकायलाच मी जात होतो बहुतेक, कारण मला स्वतःला आइस्क्रीम गार आहे आणि गोड आहे यापलीकडे कधी काही कळलं नाही. तो म्हणायचा, "हे पाय, यानं दूध आटवलं, पन मन लावून नाई आटवलं. मधीच उठून गेला कुठंतरी." किंवा, "हे म्हंजे लग्नाच्या पंगतीतल्या बासुंदीची लहान बहीन." एकदा हिंगणघाटला एका लग्नाला निघालो आणि वाटेत नवी पाटी दिसली. तिथे याची मालकाशी अशी काही चर्चा रंगली की आम्ही पोचलो तेव्हा नवरीची पाठवणी चालली होती. नवरीचा बाप रडत होता आणि विजय त्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या कानात सांगत होता, "वेलची जास्त झालती, पन पोरगा शिकंल."

त्याचं स्वतःचं लग्न ऐन मे महिन्यातलं. बुद्धविहाराच्या अंगणात मंडप, पांढऱ्या साडीतल्या शोभावहिनी आणि वंदना संपल्याबरोबर नवरदेव आइस्क्रीमचे डबे आले की नाही ते बघायला मंडपामागे पसार. वहिनींना थंड अजिबात चालत नाही, दात शिवशिवतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने त्यांना वर्ध्याला आइस्क्रीम खायला नेलं तेव्हा त्या कप समोर ठेवून गप्पा मारत बसल्या, ते पूर्ण वितळू दिलं आणि मग चहासारखं पिऊन टाकलं. विजयने कपाळावर हात मारून घेतला. पण नंतर जन्मभर तो त्यांच्यासाठी एक जास्तीचा कप घ्यायचा आणि तो वितळेपर्यंत दोघं बोलत बसायचे. त्यांची मुलगी प्राची म्हणायची, आई-बाबांची भांडणं आइस्क्रीमच्या दुकानातच मिटतात, कारण तिथे आईला थांबावंच लागतं.

एका उन्हाळ्यात वादळाने सेलू भागातले विजेचे खांब आडवे झाले होते. विजय आणि त्याची माणसं हिंगणीकडच्या रस्त्यावर दिवसभर तारा ओढत होती. सेलूत एका ओळखीच्या बाईंचं छोटं आइस्क्रीमचं दुकान होतं. वीज नव्हती, फ्रीजरमधला सगळा माल मऊ पडत चालला होता. त्या बाई थेट कामाच्या जागी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्यावाली लाइन आधी जोडून द्या ना." विजय म्हणाला, "बाई, आधी दवाखान्याची, मंग पान्याच्या टाकीची, मंग तुमची." त्या गेल्या आणि थोड्या वेळाने सगळे डबे रिक्षात घालून परत आल्या. "वाया जाण्यापरीस तुमीच खा," म्हणाल्या. खांबांवरून उतरलेली ती घामेजलेली माणसं रस्त्याच्या कडेला बसून पातळ झालेलं आइस्क्रीम खात होती, आणि विजयला मात्र घास गिळवत नव्हता. मला नंतर सांगताना म्हणाला, "मास्तर, जिंदगीत पहिल्यांदा आइस्क्रीम गोड नाई लागलं. त्या बाईचं तोंड दिसत होतं ना समोर..." असा होता तो.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्याची जीभ जड व्हायला लागली. बोलताना शब्द चिकटायचे. ओळखीचे लोक मागे कुजबुजायचे, म्हातारपणी प्यायला लागला वाटतं. पुढे हातातला चमचा निसटायला लागला, आणि मग जेवताना ठसका. वर्ध्याला दाखवलं, नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी प्राचीला बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या नसाच मरत जातात, आणि त्यावर औषध नाही. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील, हे डॉक्टरांनी दिलासा म्हणून सांगितलं. प्राची मला म्हणाली, "काका, हेच तर सगळ्यात वाईट आहे ना?" मी मास्तर माणूस. आयुष्यभर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो. तिच्या हातातली तपासण्यांची फाइल तेवढी मी घेतली.

अन्न गिळणं धोक्याचं झालं तेव्हा पोटातून नळी बसवली. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, स्वभावाने मऊ. त्यांनी समजावून सांगितलं की आता तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. विजय तोवर फोनवर एका बोटाने लिहून बोलायला लागला होता. त्याने बराच वेळ खपून एकच शब्द लिहिला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. आइस्क्रीम? बाई हसल्या. त्यांना वाटलं, पेशंट गंमत करतोय. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. म्हणाल्या, "काका, ते घट्ट दिसतं, पण तोंडात गेल्यावर त्याचं पाणीच होतं. ते श्वासनळीत उतरलं तर..." मग म्हणाल्या, "फार तर ओठांना लावा. तेवढंच." विजयने मान हलवली. पोरीची समजूत घालावी तशी.

आणि त्याच सुमारास त्याच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गाळे बांधायला सुरुवात झाली. विजयची खुर्ची पुढच्या खोलीत खिडकीशी असायची. दिवसभर तो ते बांधकाम बघायचा. मी गेलो की आम्ही दोघं अंदाज बांधायचो... औषधाचं दुकान असेल, मोबाइलचं असेल, कदाचित केस कापायचं. एका संध्याकाळी कामगारांनी पाटी वर चढवली आणि तिच्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं. गुलाबी पाटी, तिच्यावर मोठा कोन काढलेला. वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी पाटी पाहिली, हातातला ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. विजयच्या घशातून एक आवाज आला. वहिनींनी वळून पाहिलं. तो डोळ्यांनी पडदा दाखवत होता. उघड म्हणत होता. त्यांनी उघडला, आणि पदर तोंडाशी धरून त्या आत निघून गेल्या.

अक्षय्य तृतीयेला दुकान उघडलं. मालक म्हणजे तिथलंच एक तरुण नवरा-बायकोचं जोडपं. शेजारधर्म म्हणून ती मुलगी आजूबाजूच्या प्रत्येक घरी आइस्क्रीमचे कप देत फिरत होती. इथे बेल वाजली, वहिनींनी दार उघडलं, आणि त्या मुलीने हसतमुखाने त्यांच्या हातांत दोन कप ठेवले. "काकू, तुमच्यासाठी अन् काकांसाठी. येत जा बरं का दुकानात!" तिला बिचारीला काय माहीत. ती पुढच्या घरी गेली आणि वहिनी दारातच उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत दोन कप. आत यावं तर विजय समोर बसलेला, बाहेर जावं तर कुठे जाणार, आणि दार लावायला हात मोकळा नाही. मी उठून ते कप घ्यायला हवे होते, पण मलाही हलता येईना. शेवटी प्राची आतून आली. पुण्याहून ती त्या आठवड्यात आली होती. तिने आईच्या हातांतले कप घेतले आणि थेट बाबांकडे वळून विचारलं, "बाबा, काय करू याचं?"

विजयने फोन मागितला. लिहायला त्याला खूप वेळ लागला. लिहिलं होतं... असं घरी नाही. दुकानात.

प्राची म्हणाली, "बाबा, तुम्हाला खाता येणार नाही." त्याने मान हलवली, माहीत आहे. "ठसका लागला, काही झालं तर?" त्याने पुन्हा मान हलवली. वहिनी पहिल्यांदाच चिडल्या. "कायले जायचं तिथं? लोकाइचं तोंड पाह्यले?" त्याने बोट माझ्याकडे केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग मला उलगडा झाला. मी खायचं होतं, आणि कसं लागतं ते त्याला सांगायचं होतं.

चाकाच्या खुर्चीवरून आम्ही तिघांनी त्याला रस्त्यापलीकडे नेलं. दुकानाला पायरी होती. मालकाने आणि मी मिळून खुर्ची उचलून आत घेतली. हे काहीतरी वेगळं आहे हे एव्हाना त्या जोडप्याच्या ध्यानात आलं होतं. कप वाटणारी ती मुलगी काउंटरमागे उभी होती. विजयने सवयीने सगळ्यात साधं आइस्क्रीम दाखवलं. कप माझ्यापुढे आला. मी चमचा उचलला तर त्याने डोळ्यांनी थांबवलं. थांबलो. कडा नरम झाल्या. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "चांगलं आहे विजय. गोड आहे." तो वाट बघत राहिला. "गार आहे," मी म्हणालो. "दुधाचं आहे..." त्याने एका बोटाने लिहिलं, नीट सांग. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. त्याच्यासोबत इतक्या दुकानांतून बसलो, त्याचं इतकं बोलणं ऐकलं, त्यातलं एक वाक्य, एक शब्द मला उसना घेता येईना. मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि समोर बसलेल्या मित्राला मी त्या एका घासाची चव सांगू शकत नव्हतो. त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले होते. तोंडातलं आइस्क्रीम गिळवेना, आणि त्याला गिळता येत नाही हे आठवून तर आणखीच...

तेव्हा वहिनींनी माझ्या हातातून चमचा घेतला. कप स्वतःपुढे ओढला. त्यात आता अर्धं पाणी झालं होतं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, दात शिवशिवले तसे डोळे मिटले, आणि हळूहळू बोलायला लागल्या. "दूध चांगलं हाय. म्हशीचं असन. जरासं बुडाशी लागलं वाटते आटवताना... धुरकट वास हाय, पन वाईट नाई. आपन आर्वीले राहत होतो ना, तवा मी चुलीवर दूध ठेवून शेजारी बोलत बसे अन् ते लागे, अन् तुमी म्हनत की असंच आवडते मले... तसं हाय. साखर कमी हाय. तुमाले आवडलं असतं." विजयने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या तोंडावर हसू आलं, ते वाढत गेलं, आणि त्या आजारात होतं तसं त्याला आवरेनासं झालं. हसण्याचं रडणं झालं, पुन्हा हसणं. सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं. वहिनींनी करंगळीचं टोक कपात बुडवलं आणि त्याच्या खालच्या ओठाला लावलं. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं. तो एकदम शांत झाला. त्याची जीभ हलली. ओठापर्यंत यायचा तिने प्रयत्न केला. आम्ही तिघंही बघत होतो. ती दातांपर्यंत आली, तिथे थरथरली... आणि तिला पुढे येता येईना. ओठावरचा तो थेंब हनुवटीवर ओघळला. वहिनींनी तो पदराने टिपला आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."

त्यानंतर त्याने दुकानात न्यायला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र तो खिडकीशी बसून तिथल्या गिऱ्हाइकांकडे बघत असे. एखाद्या बाईचा कोन साडीवर पडला की घशातल्या घशात हसे. त्याला राग येतोय की काय म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहायचो, पण तिथे रागाचं काही नव्हतं. पावसाळ्यात श्वास कमी पडायला लागला. तोंडावर श्वासाच्या यंत्राचा मास्क आला, मग रात्रंदिवस मास्कच. त्याचा हात हातात घेऊन बसणं, एवढंच मला करता येत होतं. तेही किती वेळ करणार? माझाच हात अवघडून जायचा, आणि त्याला ते समजायचं, आणि तो डोळ्यांनी म्हणायचा, जा आता, गाडी चुकंल. पोळ्यानंतर काही दिवसांनी तो गेला. पहाटे, झोपेत. वहिनी शेजारीच होत्या. उठून पाहिलं तर यंत्र चालू होतं, हवा येत होती, आणि ती घेणारं कुणी नव्हतं.

परवा बोरगावला गेलो होतो. प्राची आईला पुण्याला चला म्हणतेय, वहिनी बघू म्हणतात. खिडकीशी त्याची खुर्ची तशीच आहे, पण तिच्यावर कुणी बसत नाही. वहिनी तिच्याशेजारी चटईवर बसतात. दिवे लागायची वेळ झाली. पलीकडच्या पाटीचा गुलाबी उजेड खोलीत आला आणि खुर्चीच्या हातावर पडला. वहिनींनी घरातला दिवा लावला नाही. दुकानाच्या काचेवर कसला तरी नवीन कागद चिकटवला होता. "भाऊजी, काय लिवलं हाय तिथं? मले दुरून नाई दिसत," त्या म्हणाल्या. मी चष्मा पुसून पाहिलं आणि वाचून दाखवलं, "सीताफळाचं आइस्क्रीम आलंय."

उठून रस्ता ओलांडायचा, एवढंच तर होतं. पण आम्ही दोघं अंधारात तसेच बसून राहिलो... समोरचं दुकान बंद होईपर्यंत.